मनालीचा बर्फ: मोबाइल अ‍ॅप की हवामान विभाग?

कोल्हापुरातून जानेवारीत मनालीला निघालेला माणूस आधी मोबाइल उघडतो. अ‍ॅप तासागणिक सांगतं: दुपारी ३ वाजता बर्फ, शक्यता ४० टक्के. वाचायला झकास! पण बहुतेक अ‍ॅपचे आकडे संगणकी मॉडेलमधून आलेले असतात आणि जागतिक मॉडेल डोंगर-दऱ्या काही किलोमीटरच्या चौकोनांत सपाट करून टाकतात. खरी गोची इथेच. मनाली साधारण २,००० मीटरवर, तिथून पुढे डोंगरातल्या अटल बोगद्याचं तोंड ३,००० च्या वर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे मनालीच्या मॉल रोडवर पावसाची रिपरिप आणि बोगद्यापाशी त्याच वेळी बर्फ. एका आकड्यात हे मावायचं कसं?

हवामान विभागाच्या शिमला केंद्राचा जिल्हानिहाय अंदाज दिसायला रुक्ष. पण भूमध्य समुद्राकडून येणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यातली वादळी हवेची प्रणाली, कधी धडकणार, हे त्यात कळतं. बर्फ आणतो तो हाच. शिवाय पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे असतात. नारिंगी दिसला की बोगद्याकडचा बेत सरळ रद्द करावा, ड्रायव्हर 'काही होत नाही साहेब' म्हणाला तरी.

आठवडाभर आधी बॅग भरताना अ‍ॅप बघा, हरकत नाही. शेवटच्या दोन दिवसांत मात्र माझं मत विभागालाच.

विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात आणि आपल्याकडेही गारठा वाढतो. पण रंकाळ्यावर पहाटे फिरायला स्वेटर घ्यायचा की नाही, एवढं अ‍ॅपवरून कळतंय की!