ॲमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ८२५६: जुना लेखन-संगणक आज घ्यावा का?

1985 मध्ये ब्रिटनमध्ये 399 पौंड अधिक व्हॅट या किमतीत मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, प्रिंटर आणि लोकोस्क्रिप्ट हा लेखनाचा प्रोग्राम, सगळं एकत्र मिळायचं. आत झेड८० प्रोसेसर, 256 केबी मेमरी. हिरव्या पडद्यावर 90 अक्षरांच्या 32 ओळी मावतात. लिहायला तो आजही छान.

डोकेदुखी म्हणजे 3 इंची ड्राइव्ह. एका बाजूला जेमतेम 180 केबी, दुसऱ्या बाजूसाठी डिस्क हातानं उलटायची. आतला रबरी पट्टा कालांतरानं ढिला पडतो किंवा चिकट होतो. डिस्क वाचली गेली नाही की मशीन तीनदा बीप करतं. तेव्हा डिस्कला दोष देण्याआधी पट्टा बदला. चपटाच घ्या, गोल चालत नाही. जुन्या रबराचा चिकटा स्पिरिटनं पुसा. मॉनिटरच्या नळीत वीज साठून राहते, म्हणून माहितगाराकडूनच उघडून घ्या.

ड्राइव्हऐवजी गोटेक (डिस्कऐवजी यूएसबी पेनड्राइव्ह वापरू देणारं उपकरण) लावणार असाल तर सांभाळा: वीजजोडणीत 5 आणि 12 व्होल्ट पीसीच्या उलट आहेत. साधी पीसीची वायर जोडलीत तर गोटेक गेलाच म्हणून समजा.

प्रिंटर स्वतंत्र विकत घेऊ नका. त्याची वीज मॉनिटरमधूनच येते, आणि मशीन सुरू करणारा कोडही मशीनमधल्या, प्रिंटर सांभाळणाऱ्या चिपमध्येच असतो! एम ड्राइव्हवरचा (म्हणजे मेमरीतच बनवलेल्या, वीज जाताच रिकाम्या होणाऱ्या ड्राइव्हवरचा) मजकूर मात्र बटण बंद करण्याआधी डिस्कवर उतरवा.