होमोसिस्टीन आणि बी-12 ची तपासणी: रामदासपेठेतल्या या लॅबला चार स्टार

सासूबाई 76 वर्षांच्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी कित्येक वर्षांपासून सुरू आहे आणि खाणं पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही; या दोन्हींमुळे बी-12 कमी पडू शकतं. त्यांच्या तळपायांना मुंग्या यायच्या. चालता चालता पायातली चप्पल निसटून मागे राहायची, तरी त्यांना कळायचं नाही. नातेवाईक म्हणायचे, शुगर आहे, चालायचंच. डॉक्टरांनी मात्र बी-12, फोलेट (म्हणजे फोलिक ॲसिडचं जीवनसत्त्व) आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल, बी-12 कमी पडलं की वाढतं) लिहून दिलं. किडनी किंवा थायरॉइडच्या दुखण्यातही होमोसिस्टीन वाढतं, म्हणून सोबत क्रिएटिनिन आणि टीएसएचही.

आधी दुसऱ्या एका ठिकाणाहून मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला होता. मे महिना, भर दुपार, ट्यूब पाठीवरच्या बॅगेत, आणि वाटेत अजून दोन-तीन घरं करायची होती. होमोसिस्टीन आलं 38. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘रक्त बर्फात नेलं होतं का?’ रक्त काढल्यावरही त्यातल्या पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात, त्यामुळे प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा द्रव, लवकर वेगळा केला नाही तर आकडा उगाच फुगतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको.

म्हणून या लॅबला फोन केला. सकाळी साडेसहाला ताई हजर, हातात बर्फाचा डबा. ‘काकू, उपाशीच आहात ना?’ विचारून एका टोचणीत काम केलं. जांभळ्या झाकणाची ट्यूब हलकेच उलटसुलट करून लगेच बर्फात खोचली, लेबलवर वेळ लिहिली आणि मधे कुठेही न थांबता थेट लॅबला गेल्या. आकडा आला 27. सर्वसाधारणपणे 15 पर्यंत ठीक धरतात, म्हणजे जास्तच, पण 38 नक्कीच नाही. बी-12 फक्त 142, फोलेट व्यवस्थित.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्वतः फोन केला, हे मला फार मोलाचं वाटलं. बी-12 ची गोळी किंवा इंजेक्शन आधी घेतलं होतं का, हे त्यांनी विचारलं, कारण घेतलं असेल तर रक्तातला आकडा चांगला दिसू शकतो. डॉक्टरांना न विचारता नुसतं फोलिक ॲसिड सुरू करू नका, असंही बजावलं. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-12 कमीच राहिलं तर नसांचं नुकसान आतल्या आत सुरूच राहतं.

एक स्टार कापला तो रिपोर्टखाली लाल अक्षरांत छापलेल्या ‘हृदयविकाराचा धोका’ या ओळीसाठी. सासूबाईंनी ती वाचली आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बी जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरतं, पण त्याने हार्ट अटॅक कमी होतात असं 2006 च्या होप-2 आणि नॉर्व्हिट या मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातात पडणाऱ्या कागदावर घाबरवण्यापेक्षा ‘बी-12 कमी आहे, डॉक्टरांना दाखवा’ एवढं लिहिलं असतं तर पुरे होतं.

इंजेक्शनं झाल्यावर पुन्हा इथेच तपासलं, होमोसिस्टीन 14. मुंग्या बऱ्याच कमी झाल्या आहेत; पायांचा बधिरपणा अजून पूर्ण गेलेला नाही. मेटफॉर्मिन डॉक्टरांनी सुरूच ठेवलंय, बी-12 मात्र आता दरवर्षी बघायला सांगितलंय.

बुकिंग करताना होमोसिस्टीनचं नाव आधीच सांगा, म्हणजे त्या बर्फ घेऊन येतात. सकाळची पहिली वेळच मागा.