हाताने फिरवायचं डाय-कटिंग मशीन आणि घरची भेटकार्डं: दिवाळीपासून गणपतीपर्यंतचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला राहते. गेल्या दिवाळीच्या आधी हाताने फिरवायचं डाय-कटिंग मशीन, म्हणजे साच्याने कागदाचे हवे ते आकार कापणारं यंत्र, घेतलं. दिवाळी, संक्रांत, वाढदिवस, लग्नसराई, राखी असं करत करत आता गणपती आले, आणि या सगळ्या काळात मशीन कपाटात फारसं गेलेलंच नाही. माझं मत आधीच सांगते. मशीन घेण्यासारखं आहे. पण कार्ड चांगलं दिसणार की नाही हे कागदावर ठरतं, मशीनवर नाही. विकत घेणाऱ्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

माझं मशीन ए५ रुंदीचं आहे, म्हणजे तोंड साधारण ६ इंचांचं. वीज लागत नाही. आत दोन रोलर आहेत आणि बाजूच्या दांड्याने ते फिरतात. रसवंतीच्या चरकात ऊस जातो तसा कागद आणि डाय यांचा थर एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. थराचा क्रम असा: खाली प्लॅटफॉर्म, त्यावर पारदर्शक कटिंग प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय, आणि वर दुसरी प्लेट. डाय म्हणजे पातळ पोलादी पत्र्याचा आकार. आम्लाने कोरून त्याची कड उंच ठेवलेली असते आणि तीच कड कागद कापते. पाठीला बारीक भोकं असतात. अडकलेला कागद तिथून सुईने ढकलून काढायचा.

कापणं खरोखरच सुबक होतं, यात शंका नाही. गोल, चौकोन, पान, फूल यांच्या कडा इतक्या स्वच्छ येतात की कात्रीने वर्षानुवर्षं कापणाऱ्यालाही तशा जमणार नाहीत. त्रास होतो तो जाळीदार डायचा. कागद एका कोपऱ्यात कापला जातो, दुसऱ्या कोपऱ्यात नुसता वळ उठतो. रोलरचा दाब सगळीकडे सारखा नसतो, त्यामुळे असं होतं. यावर उपाय असा की डाय सरळ न ठेवता थोडी तिरकी ठेवायची, म्हणजे तिची लांब कड एकाच वेळी रोलरखाली येत नाही. थर एकदा पुढे, एकदा मागे फिरवायचा. तरीही एखादी जागा कच्ची राहिली तर तेवढ्याच जागी प्लेटखाली झेरॉक्सच्या कागदाचा तुकडा घालायचा. आणि डाय व कागद यांच्यामध्ये बटर पेपर ठेवला तर नक्षी डायमध्ये अडकून बसत नाही, सहज सुटते. ही युक्ती कळल्यापासून मी नाजूक जाळीच्या डायलाही हात घालते.

प्लेटांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यांच्यावर चरे पडणारच, कारण धार त्यांच्यातच रुतते. पण त्या वाकतात, आणि वाकलेली प्लेट आत जाताना कडकड असा आवाज होतो. दर वेळी प्लेट उलटी करायची आणि खालची-वरची आलटून पालटून वापरायची, मग दोन्हीकडे सारखा ताण येऊन ती बऱ्यापैकी सपाट राहते. प्लेट हा झिजून संपणारा माल आहे हे खरेदी करतानाच लक्षात ठेवा. ज्या मशीनच्या सुट्या प्लेटा सहज मिळत नाहीत ते कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका.

आता कागद. मी सुरुवातीला हरभट रोडवरच्या दुकानांतून आयव्हरी कार्डशीट आणायचे. दिसायला पांढरीशुभ्र, गुळगुळीत, लग्नपत्रिकेला उत्तम. मात्र अल्कोहोल मार्करने, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळलेल्या शाईच्या रंगीत पेनांनी, रंग भरायला ती चालत नाही. कोटिंगमुळे शाई आत मुरत नाही, वरच पसरून बसते, आणि दोन छटा एकमेकींत मिसळण्याऐवजी त्यांच्यामध्ये रेघ उमटते. मार्करला गुळगुळीत पण कोटिंग नसलेला, २५० जीएसएमच्या आसपासचा कागद हवा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). जलरंगाला ३०० जीएसएमचा, थोडा खरबरीत. रंगीत पेन्सिलीला किंचित दाणा असलेला, नाहीतर मेण धरत नाही. कार्डाच्या मूळ घडीला मात्र २५० ते ३०० जीएसएमची आयव्हरी अगदी योग्य, कारण तिथे रंग भरायचाच नसतो.

घडी घालताना कागदाचा ग्रेन बघावा लागतो, हे मला मिरजेत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांनी शिकवलं. "ताई, आधी कागद दोन्हीकडून वाकवून बघा, मग सुरी लावा," असं ते म्हणाले. कागदातले तंतू ज्या दिशेने असतात त्या दिशेने तो सहज वाकतो, आडवा वाकवला तर विरोध करतो. घडी तंतूंच्या दिशेने घातली तर धारदार बसते. आडवी घातली तर जाड कागदावर घडीच्या रेषेत पांढरे तडे दिसतात, आणि रंगीत कागदावर ते जास्तच डोळ्यांत भरतात. ए४ कागदाचे तंतू लांबीच्या दिशेने असतील तर २९७ मिलिमीटरची बाजू मध्यावर कापायची आणि मिळालेल्या तुकड्याची २१० मिलिमीटरची बाजू दुमडायची. घडी आपोआप तंतूंच्या दिशेने येते आणि १०५ बाय १४८ मिलिमीटरचं, म्हणजे ए६ मापाचं कार्ड मिळतं. सी६ पाकिटात ते बरोबर बसतं. दुकानदाराकडून मोठी शीट कापून आणत असाल तर तुकडे कसे कापायचे ते त्याच्यासमोर उभं राहून सांगा.

रंगकामाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, आणि या छंदातला खरा आनंद मला तिथेच मिळतो. काळ्या रेषेचं चित्र छापायचं आणि रंग हाताने भरायचे, ही रीत जुनीच आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेऊन जे ख्रिसमस कार्ड विक्रीला आणलं, तेही असंच होतं. रेषा शिळाछापाची, रंग हाताने भरलेले. आपण आज पारदर्शक शिक्का ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर चिकटवून शाईच्या पॅडवर टेकवतो, एवढाच फरक. शिक्का उमटवायची शाई मात्र जपून निवडावी लागते. मार्करखाली वापरायची असेल तर अल्कोहोलने न विरघळणारी, जलरंगाखाली असेल तर पाण्याने न पसरणारी. चित्र घरच्या प्रिंटरवर छापणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की इंकजेटची शाई बहुधा पाण्याने पसरते, आणि लेझर प्रिंटची काळी पूड मार्करने सुटून फिक्या रंगात मिसळू शकते. नवीन कागद किंवा नवीन शाई आली की मी एका कोपऱ्यात रेघ मारून, वरून मार्कर फिरवून बघते आणि मगच चित्राला हात लावते.

मार्करमध्ये छटांचं गणित आहे. एका रंगाच्या तीन छटा, फिकी, मधली, गडद, एवढ्या असल्या तर साडीच्या निऱ्या, पणतीची गोलाई, गणपतीची सोंड हे सगळं उठून दिसतं. आधी फिकी भरायची, ती ओली असतानाच सावलीच्या जागी गडद, आणि मग दोन्हींच्या मधली रेघ मधल्या छटेने मिटवायची. म्हणून वीस वेगवेगळ्या रंगांचा संच घेण्यापेक्षा पाच-सहा रंगांच्या तीन-तीन छटा घेणं केव्हाही चांगलं. रंगहीन ब्लेंडर मार्कर रंग पुसत नाही, तो रंग मागे ढकलतो. बाहेर गेलेला रंग काठाकडून आत सारायला तो उपयोगी पडतो. दोन्हीकडे टोकं असलेले मार्कर आडवेच ठेवा, उभे ठेवले तर वरचं टोक सुकतं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तर टोपण घट्ट लागलंय ना, हे दोनदा बघते. काम करताना खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

मार्करचा रंग कागदाच्या पाठीमागे उतरतो, त्यामुळे थेट कार्डावर रंगकाम करता येत नाही. डाय-कटची खरी गरज इथे लागते. चित्र वेगळ्या तुकड्यावर छापायचं, रंगवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग त्याच आकाराच्या डायने कापून कार्डावर चिकटवायचं. भोवती दोन-तीन मिलिमीटर पांढरी किनार सुटते आणि तीच चित्राला उठाव देते. क्रम हाच ठेवा. आधी कापून मग रंगवायला गेलं तर काठावर रंग फुटतो. जलरंग वापरला असेल तर कागदाला आलेला पोक जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून काढा, नाहीतर डाय चित्रावर नेमकी बसत नाही. डाय जागेवर धरायला मास्किंग टेप लावते, पण ती आधी पदरावर एक-दोनदा दाबून घेते. चिकटपणा कमी झाला की रंगवलेला कागद सोलला जात नाही.

बाजारात मला मिळालेल्या बहुतेक डाय बर्फाच्या फुलांच्या, सूचिपर्णी झाडांच्या, हरणांच्या. आपल्या सणांचं त्यात काही नाही असं पहिल्यांदा वाटतं, पण हातात घेऊन बघितलं की वाटा सापडतात. बर्फाचं फूल सहा कोनांचं असतं, आणि ९ ते ५ ठिपक्यांची आपली रांगोळीही सहा कोनांचीच. तेच फूल गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदात कापून एकावर एक लावलं की दिवाळीची रांगोळी तयार होते. साताऱ्याच्या आत्याला तशी पाठवली होती, त्यांनी ती देवघराशेजारी लावून ठेवली आहे. बदामाच्या आकाराची डाय सोनेरी कागदावर फिरवली की आपट्याचं पान होतं. मधली शीर मी बोथट सुईने दाबून काढते. दसऱ्याला यंदा सगळ्यांना हीच पानं.

खणाचं कापड डायने कापण्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडला. शिंपिणीकडून खणाचे उरलेले तुकडे आणले. नुसतं कापड घातलं तर धागे निघतात आणि कड फाटते. पण पाठीला पातळ केलेला फेविकॉल लावून साधा कागद चिकटवला, वजनाखाली पूर्ण सुकवला आणि मग डाय फिरवली, तर कापड कागदासारखं स्वच्छ कापलं जातं. खणाची चोळी, खणाचा पतंग, खणाची पणती. डोहाळजेवणाच्या कार्डावर खणाची छोटी चोळी लावली तेव्हा ज्यांच्या घरी ती गेली त्यांनी कार्ड हातातून खाली ठेवलंच नाही.

मराठी अक्षरांच्या डाय मात्र मला मिळाल्या नाहीत, आणि ही उणीव खरीच जाणवते. सध्या मी शब्द प्रिंटरवर उलटा छापून पाठीमागून धारदार कटरने हातानेच कापते. यात देवनागरीची शिरोरेषा फार उपकारी ठरते, कारण अख्खा शब्द तिला धरून एकसंध राहतो आणि चिकटवताना हलत नाही. अनुस्वार तेवढा सुटा पडतो. पंचिंग मशीनमधून पडलेली गोल टिकली मी त्यासाठी वापरते. ‘संक्रांत’ लिहिताना अशा दोन लागतात.

चिकटवण्याबद्दल थोडंच सांगते. मोठ्या पॅनेलला, म्हणजे कार्डाच्या दर्शनी बाजूवर लावायच्या कागदाच्या तुकड्याला, दुहेरी टेप, कारण पाण्याच्या गोंदाने पातळ कागद सुरकुततो. उठाव हवा असेल तिथे फोम टेप. जाळीदार नक्षीला कापण्याआधीच पाठीमागे दुहेरी चिकट शीट लावून टाका. नक्षी थेट स्टिकरच होऊन बाहेर येते आणि बारीक दांड्यांवर गोंदाचे थेंब टेकवत बसावं लागत नाही.

पावसाळ्यात कामाचा वेग निम्म्यावर येतो. कागद हवेतला ओलावा ओढून घेतो, कार्ड कमानीसारखं वर येतं, गोंद सुकत नाही. कागद आणि डाय मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते. डाय पोलादी असल्यामुळे काहींवर गंजाचे ठिपके येऊ शकतात, तेव्हा वापरून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसून मगच आत ठेवा. त्या चुंबकीय शीटवर लावून ठेवल्या तर बारीक तुकडेही हरवत नाहीत.

टपालाने पाठवणाऱ्यांसाठी वजनाचा हिशोब. ३०० जीएसएमच्या ए५ तुकड्याचं वजन सुमारे ९ ग्रॅम. त्यावर २०० जीएसएमचं पॅनेल साधारण ३ ग्रॅम, रंगवलेलं चित्र एक-दोन ग्रॅम, पाकीट चार-पाच ग्रॅम. टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. फोम टेप, खण, टिकल्या लावल्या की तो ओलांडला जातो आणि कमी तिकीट लावलेलं पाकीट घेणाऱ्याला दंड भरून सोडवावं लागतं. पोस्टात नेण्याआधी मसाल्याच्या डिजिटल काट्यावर वजन करा. आणि घेणाऱ्याला हेही कळवा की मार्करचे रंग उन्हात फिके पडतात, तेव्हा कार्ड खिडकीत लावू नका.

नव्याने घेणाऱ्यांनी पहिल्या डाय कोणत्या घ्याव्यात, असं मला बरेच जण विचारतात. एकात एक बसणाऱ्या आयतांचा संच, तसाच गोलांचा संच, एक पान आणि एक जाळीदार फूल. एवढ्यात वर्षभराची कार्डं होतात. मशीनपेक्षा डायवर जास्त पैसे जातात, म्हणून सणांचे तयार संच लगेच घेऊ नका. वाचलेल्या पैशांत चांगल्या कागदाचा एक गठ्ठा आणि सुट्या प्लेटांची एक जोडी घेऊन ठेवा. वर्षातून चार-पाचच कार्डं करणार असाल तर मशीन नको, कात्री आणि मार्कर पुरे. शाळेतल्या मुलांबरोबर, बचत गटात किंवा लग्नाच्या पत्रिकांसाठी एकाच आकाराचे शंभर तुकडे लागणार असतील तर मात्र ए५ रुंदीचंच घ्या. लहान ए६ मशीनमध्ये कार्डाचं पुढचं पॅनेल कापायला जागा अपुरी पडते.