सोनेरी खुर्ची आधी उलटी करा, मग पाकीट काढा

पॅरिसला जाऊन सँत-उअँचा जुना बाजार बघायचा नाही असं कसं होईल, गेलो, आणि एका दुकानात सोनेरी आर्मचेअरच्या जोडीपाशी बायको आणि मी दोघंही अडकलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. खुर्च्या दिसायला एक नंबर, खाली निमुळते होत गेलेले पन्हाळी पाय, पाय चौकटीला मिळतो तिथे चौकोनी ठोकळा न त्यावर कोरलेलं फूल. मालक म्हणाला जॉर्ज जाकोब, सोळाव्या लुईचा काळ, जोडीचे फक्त 4200 युरो. फक्त!

आता जाकोब म्हणजे 1765 ला कारागिरांच्या संघात मास्टर झालेला, सोळाव्या लुईच्या राणीला, मारी आंत्वानेतला खुर्च्या पुरवणारा माणूस, एवढ्यात मिळेल कसा? म्हटलं उलटी करू द्या. खाली कारागिराच्या नावाचा शिक्का होता, आणि आडनाव जे ने नाही तर आय ने, म्हणजे अगदी जाकोब ठोकायचा तसंच, ठोकणाऱ्याने अभ्यास केलेला. पण अक्षरं कालच ठोकल्यासारखी धारदार आणि लाकडावर गोल करवतीच्या कमानी, ती करवत तेव्हा तिथल्या सुतारांकडे कुठली. मुलाम्याचं तर विचारूच नका. खऱ्या कामात लाकडावर खडू नि सरसाचे थर, वर लाल माती, मग सोन्याचा वर्ख (काजूकतलीवर असतो तसाच पातळ) आणि अकिकाने घासून चकाकी, त्यामुळे सोनं झिजलं की खालून लाल डोकावतं. इथे झिजलेल्या जागी पांढरं, आणि कोरीव कामाच्या खाचांत काळपट हिरवं, म्हणजे सरळ सोनेरी पेंट. शेवटी टॅग नीट वाचला तर बारीक अक्षरात 'स्टील' (पोलाद नव्हे, फ्रेंच style), म्हणजे फक्त त्या शैलीची. त्या काळची असेल तर 'एपोक' लिहितात. मालक हसला, म्हणे हो हो, नंतरची असेल!

राग नाही आला खरं तर, कारण खुद्द व्हर्सायच्या राजवाड्याने लुई दलानुआ या त्याच शतकातल्या खुर्ची-कारागिराच्या नावावर खपवलेल्या बनावट खुर्च्या विकत घेतल्या होत्या आणि 2016 ला ते भांडं फुटलं, तिथे आपलं काय.

बसायला छान होती, हे मात्र मान्य. आणि खुर्ची उलटी करताना मालकाने स्वतः हात दिला म्हणून तीन स्टार, टॅगवरच्या अक्षरांसाठी दोन कापले. बाजार शनि-रवि-सोम असतो, मेट्रो 4 ने शेवटपर्यंत जा, पोर्त द क्लिन्यांकूरला उतरा.