तलवारबाजीचा प्राथमिक संच आणि निवासी शिबिर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मी स्वतःसाठी आणि माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीसाठी तलवारबाजीच्या सामानाचे दोन प्राथमिक संच ऑनलाइन मागवले. जुलैत बडोद्याबाहेर, हालोलच्या वाटेवरील एका संकुलात शनिवार-रविवारचे निवासी शिबिर होते आणि आम्हा दोघींचाही तो पहिलाच अनुभव होता. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस हेच सामान सातत्याने वापरले. अशा शिबिराला प्रथमच जाणाऱ्यांनी काय विकत घ्यावे, काय आयोजकांकडून घ्यावे आणि मुक्कामाला बरोबर काय न्यावे, हे आता मला खात्रीने सांगता येईल.

संचात ३५० न्यूटन प्रतीचे (कापड टोचण्याला किती दाब सोसते त्याचे माप) जॅकेट, मास्क, जॅकेटच्या आत घालायचे प्लॅस्ट्रॉन, एक हातमोजा आणि पाच नंबरच्या (पात्याच्या लांबीचे माप) पात्याचे साधे, स्पर्श नोंदवणारी वायर नसलेले फॉइल, म्हणजे तलवारबाजीच्या तीन शस्त्रांपैकी एक, होते. स्त्रियांना छातीचे कडक कवच आवश्यक असते. ते संचात नव्हते, वेगळे घ्यावे लागले. भाची डावखुरी आहे. जॅकेटची चेन शस्त्र धरणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते, त्यामुळे डावखुऱ्या खेळाडूचे जॅकेट वेगळे शिवलेले असते, आणि मागणी नोंदवताना मी ते स्पष्ट लिहिले होते. तरीही विक्रेत्याने उजव्या हाताचे जॅकेट पाठवले आणि बदलून द्यायला तीन आठवडे घेतले. शिबिरात तिला आयोजकांचे ढगळ जॅकेट घालावे लागले. म्हणून सामान शिबिराच्या किमान महिनाभर आधी मागवावे.

त्याहून आधी, शिबिरात कोणते शस्त्र शिकवणार आहेत हे विचारून घ्यावे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची भवानी देवी सेबर या दुसऱ्या शस्त्राने खेळली तेव्हापासून अनेक मुलींच्या मनात सेबर आहे, आणि आमच्या गटातील एका मुलीने सेबरचाच हातमोजा आणला होता. शिबिर मात्र फॉइलचे होते. फॉइलमध्ये धडावर टोकाने केलेला स्पर्शच ग्राह्य असतो. सेबरमध्ये हाताचे पंजे सोडून कमरेच्या वरचे सारे अंग लक्ष्य असते आणि पात्याच्या धारेचाही वार चालतो. एपी या तिसऱ्या शस्त्रामध्ये तर पायाच्या बोटापर्यंत सर्व शरीर येते. शस्त्र बदलले की सामानही काही अंशी बदलते.

माझ्या मते नवशिक्याने प्रथम बूट, हातमोजा आणि प्लॅस्ट्रॉन हे स्वतःचे घ्यावे, आणि तलवार निर्धास्तपणे आयोजकांची वापरावी. बूट बॅडमिंटनचे चालतात. लंज घेताना, म्हणजे वार करायला पुढचा पाय लांब टाकताना, त्या पायाची टाच आधी टेकते, म्हणून टाचेकडे गोलसर, पातळ तळव्याचे बूट हवेत. धावण्याच्या जाड बुटात घोटा मुरगळण्याची भीती असते. पँट बिनखिशांची असावी, कारण उघड्या खिशात टोक अडकते.

मास्क आयोजकांचा घेणार असाल, तर डोक्यावर चढवण्यापूर्वी त्याची जाळी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहावी. पोचा पडलेला, गंजलेला किंवा दाबल्यावर आत जाणारा मास्क विनासंकोच परत करावा. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते मास्कच्या जाळीतून आत शिरून ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिर्नोव्ह मृत्युमुखी पडला. आज मास्क, पोशाख आणि पाती यांचे निकष जे इतके कडक आहेत, त्यामागे तो अपघात आहे.

मुक्कामाच्या सामानात सर्वांत उपयोगी ठरली ती दहा हात लांब नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे. जुलैतल्या दमट हवेत सकाळच्या सत्रानंतर जॅकेट पिळून काढावे इतके भिजते आणि दुपारी तेच पुन्हा अंगावर चढवायचे असते. आम्ही खोलीत पंख्याखाली दोरी बांधली. ज्यांनी जॅकेट बॅगेत कोंबले, त्यांना संध्याकाळी तो ओलसर, आंबट वासाचा कपडा घालावा लागला. आतून घालायला चार सुती बनियन, गुडघ्यापर्यंतचे मोजे, अंथरायला चादर, मच्छरदाणी आणि क्षार-साखरेची पाकिटे पुरेशी झाली. रविवारी सकाळी मांड्या इतक्या आखडतात की जिना उतरणे कठीण जाते, तेव्हा वरच्या मजल्यावरची खोली टाळता आल्यास टाळावी. जेवण आणि सत्र यांत दोन तासांचे अंतर मिळेल का, हेही आधीच विचारावे.

परतताना माझी मोठी चूक झाली. रविवारी रात्री दांडिया बाजारातल्या घरी पोहोचले, दमले होते, म्हणून बॅग तशीच ठेवली आणि मंगळवारी उघडली. ओल्या जॅकेटला टेकलेल्या पात्यावर चिंचेच्या रंगाचे ठिपके उमटले होते आणि जॅकेटच्या बाहीवर पात्याच्या रुंदीचा गंजाचा पट्टा पडला होता, जो आजही गेलेला नाही. तेव्हापासून प्रत्येक सरावानंतर पाते कोरड्या फडक्याने पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवते. खरखरीत जागा बारीक पॉलिश पेपरने घासते. जॅकेट कोमट पाण्यात सौम्य साबणाने, ब्लीच न घालता धुते आणि सावलीत वाळवते. हातमोजा मात्र एकदा उन्हात टाकला आणि तो पापडासारखा कडक झाला.

आठ महिन्यांत जॅकेटची शिवण कुठेही उसवलेली नाही, चेन सुरळीत चालते आणि प्लॅस्ट्रॉन नव्यासारखे आहे. पाते थोडे वाकते, पण बुटाच्या तळव्याखाली धरून हलकेच ओढले की सरळ होते. निराशा केली ती मास्कने. मागच्या पट्टीचे वेल्क्रो चौथ्याच महिन्यात पकड सोडू लागले. मान झटकल्यावर मास्क हलता कामा नये, आणि भाचीचा तर सरळ हनुवटीवर घसरत असे. मार्चच्या शिबिरासाठी तिला नवा मास्क दुकानात जाऊन, डोक्यावर घालून पाहूनच घेतला. बदलून मिळालेल्या जॅकेटची बाही तिला आता मनगटाच्या दोन बोटे वर येते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वी तेही एक माप मोठे घ्यावे लागेल.