अंदमानच्या सहलीसाठी भरती-ओहोटीचा तक्ता: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

अंदमानची सहल आखताना बहुतेक कुटुंबे आधी विमानाची तिकिटे, मग हॉटेल आणि शेवटी बोटीची वेळ ठरवतात. या सगळ्याच्या आधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडण्याची पद्धत मी गेले बरेच महिने वापरत आहे. प्रथम स्वतःच्या कुटुंबासाठी आणि नंतर नातेवाईक व कार्यालयातील सहकाऱ्यांच्या सहलींसाठी. या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की या बेटांवर सहलीचा आनंद हॉटेलच्या दर्जापेक्षा पाण्याच्या वेळेवर अधिक अवलंबून असतो, आणि ती वेळ कित्येक महिने आधी कळू शकते, हे फार थोड्या प्रवाशांना कोणी सांगते.

मी वापरतो ती साधने साधी आहेत. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भारतीय बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो आणि त्यांत पोर्ट ब्लेअरचा समावेश असतो. २०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले असले तरी तक्त्यांत आणि तिकिटांवर अजून दोन्ही नावे आढळतात. मोबाईलवरील भरती-ओहोटीची कोणतीही बरी ॲप हेच आकडे दाखवते. मात्र वेळ भारतीय प्रमाणवेळेनुसार आहे की ग्रिनिचच्या, एवढे पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे. तिसरे साधन म्हणजे भिंतीवरची मराठी दिनदर्शिका, आणि खरे सांगायचे तर पहिला आराखडा मी तिच्यावरूनच करतो.

अंदमानात हा तक्ता इतका महत्त्वाचा का ठरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मुंबईच्या तुलनेत तिथे पाणी कमी चढते-उतरते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, तर पोर्ट ब्लेअरला तो साधारण दोन मीटरच्या आसपास राहतो. पण नील म्हणजे शहीद द्वीप आणि हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप यांच्या अनेक किनाऱ्यांपुढे प्रवाळाचा उथळ, सपाट पट्टा पसरलेला आहे. उतार इतका कमी असल्यामुळे पातळी थोडी जरी उतरली तरी समुद्र दूरवर मागे सरतो. हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यावर सकाळी निळेशार पाणी पाहून गेलेल्या माणसाला दुपारी त्याच जागी खडक, डबकी आणि आडव्या पडलेल्या होड्या दिसतात. नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी आणि स्नॉर्केलिंग यांसाठी प्रवाळावर पुरेसे पाणी लागते. याउलट, त्याच बेटावरील लक्ष्मणपूरचा दगडी नैसर्गिक पूल नीट पाहायचा तर ओहोटीच हवी, कारण तिथवरची वाट खडकांवरून जाते आणि भरतीला ती पाण्याखाली असते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटी साधून चालत गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

कोकणात तिथीवरून भरती काढण्याचे जुने गणित आहे: तिथीचा आकडा तीनने गुणून चाराने भागला की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास भरती. हे गणित मुंबई-कोकणच्या किनाऱ्यासाठी आहे. अंदमानात ते जसेच्या तसे चालत नाही. पोर्ट ब्लेअरला पौर्णिमा-अमावास्येची भरती सकाळी दहाच्या आसपास येते, म्हणजे आपल्याकडच्या वेळेतून साधारण दोन तास वजा करावे लागतात. पुढचा हिशेब तोच राहतो: दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि भरतीनंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी येते. एवढ्यावरून दिनदर्शिका पाहून अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने अंदाज बांधता येतो. नेमके मिनिट मग तक्त्यातून घ्यावे.

या हिशेबातून मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट अशी. त्रयोदशी ते पौर्णिमा किंवा त्रयोदशी ते अमावास्या हे दिवस नील आणि हॅवलॉकसाठी उत्तम असतात. या दिवसांत भरती सकाळी साडेसात ते दहाच्या दरम्यान असते, त्यामुळे भरतपूरला किंवा हॅवलॉकच्या एलिफंट बीचवर होड्या सुटतात त्या वेळी प्रवाळावर भरपूर पाणी असते. आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान खोल ओहोटी लागते, तेव्हा नैसर्गिक पुलापाशी निवांत जाता येते. एकाच दिवसात दोन्ही गोष्टी साधतात. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या तीन-चार दिवसांत मात्र दुपारची ओहोटी संध्याकाळवर ढकलली जाते आणि अंधार तिला गिळतो. त्या दिवसांत पूल पाहायचा असेल तर पहाटेची ओहोटी धरावी. ती चार ते सातच्या दरम्यान येते, किनारा मोकळा असतो आणि उन्हाचा त्रास नसतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाणी ना फार चढते ना फार उतरते, पुलाखालची जागा पूर्ण उघडी पडत नाही, पण प्रवाह मंद असल्याने नवशिक्या स्नॉर्केलिंग करणाऱ्याला ते दिवस सोयीचे जातात.

शाळेच्या सुट्ट्यांना बांधलेल्या कुटुंबांसाठी यातून एक फार उपयोगाची गोष्ट निघते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते आणि होळी पौर्णिमेला, त्यामुळे या सणांच्या आसपासचे पाणी दरवर्षी सारखेच वागते. भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या कुटुंबाला पहिले दोन-तीन दिवस पहाटेची ओहोटी मिळणार आणि त्यानंतर भांगाचे दिवस लागणार, हे आजच सांगता येते. अशा कुटुंबांना मी पहिल्याच दिवसांत नील घ्यायला सांगतो आणि हॅवलॉक नंतर ठेवायला सांगतो, कारण हॅवलॉकचा राधानगर हा वाळूचा किनारा कोणत्याही तिथीला सुंदर असतो. तयार पॅकेजमध्ये बहुधा हॅवलॉक आधी आणि नील नंतर असते. विचारले तर क्रम बदलून मिळतो, पण ते बोटीची तिकिटे काढण्यापूर्वी विचारावे लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातील वादळे यांची शक्यता असते, हेही दिवाळीच्या सहलीत गृहीत धरावे. तारखा निवडण्याचे स्वातंत्र्य असेल तर जानेवारीचा मध्य ते एप्रिल हा काळ मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

तक्त्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा वाचल्याशिवाय त्याचा पूर्ण उपयोग होत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि ही बेटे ९२ अंशांच्याही पूर्वेला आहेत, म्हणून डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. तक्त्यात साडेचारची ओहोटी दिसली की पुण्या-मुंबईच्या सवयीने ती दुपारची वाटते. प्रत्यक्षात तेव्हा उजेड संपत आलेला असतो. पुलाकडे जायचे तर ओहोटीच्या निदान दीड तास आधी, पाणी उतरत असतानाच निघावे. उतरत्या पाण्यात वेळ आपल्या हातात असतो, चढत्या पाण्यात नसतो. वयस्कर माणसे बरोबर असतील तर या सूचनेचे महत्त्व दुप्पट होते, कारण शेवाळलेल्या खडकांवरून परतायला त्यांना जाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. माझ्या आई-बाबांसाठी मी जाड तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल घेतले होते, आणि त्या वाटेवर तोच खर्च सर्वाधिक सार्थकी लागला.

आता मर्यादा. तक्त्यातील आकडे चंद्र-सूर्याच्या गणितावर आधारलेले असतात. वारा आणि लाटा त्यांत नसतात. शांत दिवशी तक्ता जवळजवळ घड्याळासारखा चालतो, पण उपसागरात कमी दाबाचा पट्टा असेल तर ओहोटी अपेक्षेइतकी उतरत नाही आणि लाटा पुलापर्यंत येतात. त्यासाठी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा लाटांचा अंदाज निघण्याच्या आदल्या दिवशी पाहावा. बोटी रद्द होण्याचे कारणही वारा असते, भरती नव्हे, म्हणून परतीच्या विमानाआधीचा एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरसाठी ठेवणे मी अनिवार्य मानतो. तो दिवस वाया जात नाही: सेल्युलर जेल घाईने पाहण्याची जागा नाही. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगात सावरकर बंधूंच्या कोठड्यांपुढे महाराष्ट्रातून आलेली माणसे बराच वेळ उभी राहतात, आणि तो वेळ आराखड्यात धरलेला असावा.

दुसरी मर्यादा उंचीच्या आकड्यांची. ०.३ मीटर किंवा १.८ मीटर हे आकडे एका ठरावीक नीचतम पातळीपासून मोजलेले असतात; किनाऱ्यावरील पाण्याची खोली म्हणून ते वाचू नयेत. माझ्या अनुभवात ओहोटीचा आकडा ०.५ मीटरच्या खाली असेल तर नैसर्गिक पुलाखाली आरामात उभे राहता येते, आणि ०.८ च्या वर असेल तर दुरूनच पाहावे लागते. जुने नकाशे किंवा प्रवासवर्णने वाचून गेलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात इथली जमीनच हलली. उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला, पोर्ट ब्लेअरचा परिसर खचला आणि जवळच्या सिप्पीघाटची शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. त्यामुळे त्याआधीची वर्णने आजच्या किनाऱ्याशी जुळतीलच असे नाही.

डिगलीपूरजवळच्या रॉस आणि स्मिथ या जोडबेटांसाठी तक्ता अधिकच गरजेचा आहे, कारण त्यांना जोडणारी वाळूची वाट भरतीला पाण्याखाली जाते. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने तिथे पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो; एवढ्या लांब जाणाऱ्याने तिथी पाहूनच जावे.

एका गोष्टीबद्दल मला आग्रहाने लिहावेसे वाटते. ओहोटीची वेळ कळली की लोक उघड्या पडलेल्या प्रवाळावर चालत दूरवर जातात. वरून दगडासारखे दिसणारे ते जिवंत असते आणि पायाखाली तुटते. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे तापमान वाढून इथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. जे वाचले आहे त्यावर आपण चालणे अत्यंत चुकीचे आहे. वाळू आणि मळलेली वाट सोडू नये, शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलू नयेत. वांडूरच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेण्यास मनाई आहे आणि तपासणी काटेकोर असते. तीच शिस्त प्रत्येक किनाऱ्यावर स्वतःहून पाळावी.

सोयीच्या दृष्टीने एक सूचना. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यानंतर बेटांवरील इंटरनेट सुधारले आहे, तरी नीलवर ते अधूनमधून जातेच. मी सहलीच्या दिवसांचा तक्ता एका पानावर छापतो, त्यात भरती, ओहोटी, सूर्यास्त आणि बोटीची वेळ एकाखाली एक लिहितो आणि बरोबरच्या प्रत्येक कुटुंबाला एक प्रत देतो.

प्रत्येक बेटासाठी एवढा खटाटोप करावा लागत नाही. लक्षद्वीपमध्ये पाण्याचा चढउतार कमी आहे आणि खाजणासारखे शांत पाणी बेटाभोवती वेढून असते. तिथे प्रवेशाचा परवाना आणि आगत्तीचे विमान यांवरच तारखा ठरतात. मालदीवमध्येही तक्ता मी फक्त नजरेखालून घालतो. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करायचे असेल तर भरतीपेक्षा पाण्याचा गढूळपणा आधी विचारावा, आणि त्याचे उत्तर मालवणचा होडीवाला कोणत्याही ॲपपेक्षा अचूक देतो.