नर्सिंग होमच्या हलगर्जीपणाविरुद्ध ग्राहक आयोग : आमचा अनुभव, साडेतीन स्टार

सासूबाईंच्या केसचा निकाल लागल्यापासून नात्यातले, सोसायटीतले बरेच जण विचारतायत की ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहक कोर्टात, जाऊन खरंच काही होतं का, की नुसते हेलपाटे. होतं. पाचपैकी साडेतीन स्टार देईन, दीड स्टार वेळेपायी कापलाय. आणि कागद हातात नसतील तर जाऊ नका, हे आधीच सांगते.

झालं असं की आई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, शहरातल्याच एका खासगी नर्सिंग होममध्ये ऑपरेशन केलं. ऑपरेशन चांगलं झालं, सर्जनबद्दल आमची आजही तक्रार नाही. घात झाला तो नंतरच्या नर्सिंगमध्ये. झोपून असलेल्या पेशंटची साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ आणि कंबर बघायची, चादर ओली राहू द्यायची नाही, ही नर्सिंगमधली अगदी पहिली गोष्ट. रात्री अख्ख्या मजल्याला एक सिस्टर आणि एक मावशी, बेल वाजवली तरी कुणी येईना, आम्ही म्हणायचो सिस्टर आईंना जरा कुशीवर करा हो, तर "आत्ता येते ताई" म्हणून ती जी जायची ती जायचीच. एअर बेडचे पैसे रोज बिलात लागत होते आणि पंपाचा प्लगच बोर्डात नव्हता, तो माझ्या नणंदेनं बघितला आणि तिथल्या तिथे फोटो काढून ठेवला, पुढे तो फार कामी आला. माकडहाडावर आधी नुसतं लाल दिसत होतं, मग कातडी काळी पडली, आणि "म्हातारपणी होतंच असं" म्हणून डिस्चार्ज दिला. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अॅडमिट करतानाच केसपेपरवर लिहिलं, ग्रेड ४ प्रेशर सोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं झालेली जखम पार हाडापर्यंत गेलेली. त्या एका ओळीवर आमची निम्मी केस उभी राहिली.

आता कागदांचं. तोंडी मागितलं तर डिस्चार्ज समरी हातात देतात आणि म्हणतात झालं. तसं नाही, पेशंटचा पूर्ण इनडोअर केसपेपर, म्हणजे भरती असतानाचं सगळं रेकॉर्ड मागायचं, त्यात नर्सिंग नोट्स, टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाच्या नोंदी), औषधांचा चार्ट, संमतीपत्रं सगळं आलं, अर्ज लेखी द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचाच, शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवायचा. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाचे २००२ चे नियम स्पष्ट आहेत, मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड किमान ३ वर्षं जपून ठेवावं लागतं. मुंबई हायकोर्टानं तर १९९६ मध्येच सांगितलंय की पेशंटला किंवा नातेवाइकांना कागद नाकारता येणार नाहीत. आम्ही अर्जात हे दोन्ही लिहिलं तेव्हा कुठे झेरॉक्स मिळाल्या.

आणि त्या झेरॉक्समध्ये काय होतं बघा. कूस बदलल्याच्या नोंदी दर दोन तासांनी, एकही चुकलेली नाही, सगळ्या एकाच पेननं, एकाच हातानं, आणि एका दिवशी दुपारी ४ ला "डावी कूस दिली" असं लिहिलंय, त्या वेळी आई दुसऱ्या सेंटरला सीटी स्कॅनच्या टेबलावर होत्या, स्कॅनच्या फिल्मवर वेळ छापलेली आहे! आयोगापुढे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा सामनेवाल्यांच्या, म्हणजे नर्सिंग होमच्या, वकिलांकडे उत्तर नव्हतं.

तक्रार दाखल करणं मात्र खरंच सोपं आहे. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन होते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे पेशंट किंवा तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे हॉस्पिटल पुण्यात आणि तुम्ही साताऱ्यात असाल तर साताऱ्यात करा. वकील लावलाच पाहिजे असं नाही. फी तुम्ही किती भरपाई मागताय त्यावर नाही, हॉस्पिटलला किती पैसे भरलेत त्यावर ठरते, ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाख असेल तर २०० रुपये. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्यासारख्या बहुतेकांचं काम जिल्ह्यातच होतं. आणि मुदत २ वर्षं. जखम भरेपर्यंत, घरातला माणूस सावरेपर्यंत वर्ष कसं निघून जातं कळत नाही, तेव्हा हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

काही जण म्हणतात डॉक्टर काय ग्राहक कायद्यात येतात का. येतात हो, १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या केसमध्ये ते कायमचं ठरवलंय, आणि नव्या कायद्यातून डॉक्टर वगळले गेले असा दावा घेऊन गेलेल्यांना आधी मुंबई हायकोर्टानं २०२१ मध्ये आणि मग २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानंही परत पाठवलं. जिथे सगळ्यांनाच पूर्ण मोफत उपचार मिळतात असं हॉस्पिटल तेवढं यात येत नाही. पण म्हणून सरकारी दवाखान्यात दाद नाही असं नाही, तिथे दिवाणी दावा करता येतो. औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये १९६३ मध्ये एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली, नवऱ्यानं नेट धरला आणि १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्य सरकारला जबाबदार धरलं. ३३ वर्षं. वाचून जीव तुटतो.

सामनेवाल्यांचं म्हणणं साधारण ठरलेलं असतं, एक म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरांचा अहवाल आणा, दुसरं म्हणजे नर्स चुकली त्याला आम्ही काय करणार. पहिल्यावर सुप्रीम कोर्टाचा २०१० चा व्ही. किशन राव यांच्या केसचा निकाल आहे, प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञ लागत नाही, चूक उघड दिसत असेल तर ती दिसतेच. दुसऱ्यावर १९९८ चा स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचा निकाल, तिथे नर्सनं लहान बाळाला भलतंच इंजेक्शन दिलं होतं, कोर्टानं हॉस्पिटललाच जबाबदार धरलं आणि बाळाबरोबर आईवडिलांनाही वेगळी भरपाई दिली, म्हणजे काळजी घेणारे नातेवाईकही ग्राहकच. हे दोन्ही निकाल नेटवर फुकट मिळतात, प्रिंट काढून सोबत जोडा.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. पेशंट बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकला असं नसतं, आणि आयोगही तसं मानत नाही. योग्य ती काळजी घेतली होती का एवढंच बघतात. रागाच्या भरात हॉस्पिटलमध्ये तोडफोड, मारहाण तर अजिबात नको, महाराष्ट्रात २०१० पासून त्यावर स्वतंत्र कायदा आहे, केस तुमच्यावरच व्हायची. पोलिसांत जायचं तरी सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर साध्या चुकीवर गुन्हा होत नाही, घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि त्याआधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. भरपाईसाठी आयोग, डॉक्टरच्या लायसन्सबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आणि नर्सिंग होमच्या रजिस्ट्रेशनबद्दल शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, असे तीन वेगळे रस्ते आहेत, तिन्हीकडे एकदम अर्ज करता येतात.

आता दीड स्टार कशाचे कापले ते. कायदा म्हणतो ३ महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात वर्षं जातात. हॉस्पिटलला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस आणि वर फार तर १५, याच्या पलीकडे मुदत नाही असं सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या बेंचनं २०२० मध्ये सांगितलंय, म्हणून आम्ही तारखा मोजत बसलो आणि पहिल्याच दिवशी तसा अर्ज दिला. पण त्यापुढे पुरावा शपथपत्र, लेखी युक्तिवाद, मध्येच सदस्याची जागा रिकामी, कोरम नाही (पुरेसे सदस्य हजर नाहीत), पुढची तारीख. म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या बाकावर बसणं सोपं नाही. तरी कर्मचारी चांगले होते, पानांना नंबर कसे द्यायचे, इंडेक्स कसा लावायचा हे तिथल्या क्लार्कनं स्वतः दाखवलं. मुंबईत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीकडे जरूर जा, १९७५ पासून हेच काम करतात.

निकाल आमच्या बाजूनं लागला, सेवेतील त्रुटी मान्य केली, दुसऱ्या हॉस्पिटलचा खर्च आणि त्रासाबद्दल रक्कम मिळाली. हॉस्पिटलला अपील करायचं तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जावं लागतं आणि आधी निम्मी रक्कम भरावी लागते, त्यामुळे उगाच अपील करून ताटकळत ठेवणं आता परवडत नाही. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर कलम ७२ खाली दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज करायचा, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्याकडे ती वेळ आली नाही, नुसत्या नोटिशीवर चेक आला.

आई आता वॉकर घेऊन चालतात. निकालाची प्रत त्यांनी स्वतः वाचायला मागितली, चष्मा लावून सगळी पानं वाचली, आणि सिस्टरचं नाव आदेशात कुठे आलंय का ते आधी बघितलं, कारण त्यांच्या मते एकट्या पोरीवर अख्खा मजला टाकणाऱ्याची चूक मोठी. मलाही तसंच वाटतं.

कुणाचं माणूस सध्या भरती असेल तर रोज एकदा पाठ आणि टाचा स्वतः बघा, लाल दिसलं तर ड्यूटी डॉक्टरला केसपेपरवर लिहायला लावा, फोटो काढा. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं.